लिस्बनचे चढ आणि आमच्या खोल्या

लिस्बनला जायचं ठरलं तेव्हा आमच्या फोंड्याच्या घरात तिकिटांपेक्षा जास्त चर्चा जिन्यांची झाली. सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात. जत्रेत देवळाच्या पायऱ्या त्या चढतात, पण मध्ये दोनदा टेकून. लिस्बन तर टेकड्यांचंच शहर. नकाशात दोनशे मीटर दिसणारं अंतर तिथे कधी सपाट असतं, तर कधी चार मजले चढण्याइतकं. त्यामुळे हॉटेलला किती स्टार आहेत, नाश्त्याला काय देतात, हे प्रश्न आम्ही बाजूला ठेवले.

पणजीत फोंताइन्हासला माझ्या मावसभावाचं छोटं गेस्ट हाउस आहे. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, खाट आणि उशा सगळेच दाखवतात. जिना कोण दाखवतो?" त्याच्या सांगण्यावरून मी प्रत्येक ठिकाणी एकच मेल पाठवली. रस्त्यावरच्या दारापासून खोलीपर्यंत लिफ्टशिवाय किती पायऱ्या? खिडकी रस्त्यावर उघडते की आतल्या चौकात? बाथरूम खोलीत आहे की बोळात? तिसरा प्रश्न मला आधी खुळ्यासारखा वाटला होता. पण जुन्या इमारतींत 'खासगी बाथरूम' म्हणजे तुमच्या एकट्याचं, किल्ली तुमच्याकडे, पण समोरच्या भिंतीत, असंही असतं. टॉवेल गुंडाळून बोळ ओलांडायची तयारी असेल तर खोली स्वस्त पडते. सासूबाईंची तयारी नव्हती.

काहींचं उत्तरच आलं नाही, ती नावं गळली. काहींनी 'सोयीचं, मध्यवर्ती' एवढंच लिहिलं, तीही गळली. बायशा भागातल्या एका गेस्ट हाउसने मात्र लिहिलं, "लिफ्ट आहे, पण ती पहिल्या मजल्यावरून सुरू होते. तिच्यापर्यंत १६ पायऱ्या, कठडा उजव्या हाताला." त्या कठड्यावर आम्ही खोली पक्की केली.

मुक्काम एकाच जागी करायचा नाही, हेही आधीच ठरवलं. पहिले दिवस शहराच्या मधोमध सपाटीवर, मग अल्फामात स्वयंपाकघर असलेलं घर, आणि शेवटी विमानतळाच्या मेट्रो लाइनवरचं साधं हॉटेल. सामान हलवायचा त्रास होतो, नाही असं नाही. पण एका शहरात तीन प्रकारे राहून बघता येतं. नवऱ्याला हा खटाटोप वाटला. मुलाला गंमत वाटली, कारण दरवेळी खाट निवडायला मिळणार होती.

व्हिसासाठी प्रत्येक रात्रीच्या निवासाचा पुरावा लागतो, आणि शेंगेन व्हिसाला किमान ३० हजार युरोंचा प्रवास विमा. व्हिसा हातात येईपर्यंत फुकट रद्द करता येणारंच बुकिंग ठेवलं. त्यात एक मेख असते. रद्द करायची मुदत लिस्बनच्या घड्याळाप्रमाणे चालते, आणि उन्हाळ्यात ते आपल्या साडेचार तास मागे असतं. मुदतीची तारीख-वेळ मी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवली होती, एकादशीच्या शेजारी.

शुक्रवार

मोपाहून रात्री निघून, आखातात विमान बदलून, दुपारी लिस्बनला उतरलो. तिथे आमच्या दोन टोळ्या झाल्या. नवरा आणि मुलगा मेट्रोने, म्हणजे लाल लाइनने अलामेदा आणि तिथून हिरव्या लाइनने रोसियू. मी आणि सासूबाई टॅक्सीने. आम्ही आधी पोचलो, पण फार नाही. मुलाने ते अजून मान्य केलेलं नाही.

गेस्ट हाउस रुआ दुश फान्केइरुशवर होतं. खाली कापडाचं दुकान, शेजारी उंच लाकडी दार, दारावर पितळी बटणांच्या दोन रांगा. प्रत्येक बटणाशी मजल्याचा आकडा आणि पुढे डावी-उजवी बाजू. माझी बोटं फोनवर पत्ता शोधत होती तोवर सासूबाईंनी चष्मा वर करून वाचलं, "तिसरा मजला, डावीकडे." लहानपणी शाळेत त्या 'प्रिमेर ग्राव'पर्यंत, म्हणजे प्राथमिकच्या पहिल्या टप्प्यापर्यंत, पोर्तुगीज शिकल्या होत्या. १९६१ नंतर ती भाषा त्यांच्या कामाला आली ती बहुधा याच बटणापाशी.

तिथला तिसरा मजला म्हणजे तळमजला सोडून तिसरा. हिशेब आपल्यासारखाच, पण या जुन्या इमारतींचे मजले उंच. लिफ्टशिवाय गेलो असतो तर सासूबाईंनी तिसऱ्या मजल्यावर नमस्कार करूनच पाऊल ठेवलं असतं. १६ पायऱ्या खऱ्याच निघाल्या, कठडाही उजवीकडेच. लिफ्ट जिन्याच्या मधल्या पोकळीत नंतर बसवलेली, दोन माणसं जेमतेम मावतील एवढी. दार हाताने ओढायचं, आतली जाळी वेगळी लावायची. जाळी नीट बसली नाही तर ती ढिम्म हलत नाही. आधी सासूबाई आणि मी, मग एकटी मोठी बॅग, मग दुसरी बॅग आणि वर बसलेला मुलगा.

रिसेप्शनला नेपाळी मुलगा. पासपोर्ट बघून तो थेट हिंदीत बोलायला लागला आणि सासूबाईंच्या पोर्तुगीजची तालीम तिथेच थांबली. लिस्बनच्या हॉटेलांत आणि खानावळींत नेपाळी, बांगलादेशी, भारतीय पोरं बरीच. गरम पाणी कसं सुरू करायचं हे मध्यरात्री विचारायची वेळ आली तर हे फार सोयीचं.

शनिवार

बायशा म्हणजे खालचा, सपाट भाग. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात, मागून आलेल्या लाटेत आणि आगीत हा भाग गेला. मग मार्केस द पोम्बालच्या देखरेखीखाली सरळ रेषांत आखून नवा बांधला. भिंतींच्या आत लाकडी पिंजरा बसवलेला असतो, भूकंपात इमारत हलेल पण कोसळणार नाही अशा बेताने. त्या पिंजऱ्याची परीक्षा घेण्यासाठी भोवती सैनिकांना कवायत करायला लावली होती असं सांगतात. पाहुण्याच्या दृष्टीने या लाकडाचा अर्थ वेगळा. वरच्या मजल्यावरचा माणूस रात्री उठला की तो कोणत्या दिशेला गेला ते तुम्हाला खाली कळतं.

आमच्याकडे दोन खोल्या होत्या. एक रस्त्यावरची, बाल्कनीच्या नावाखाली लोखंडी कठडा असलेली. दुसरी आतल्या चौकाकडे उघडणारी. या चौकाला अंगण म्हणता येणार नाही. उजेड-वारा यावा म्हणून इमारतीच्या पोटात ठेवलेली ती उभी पोकळी, तळाशी पाइप आणि कोणाची तरी सायकल. बुकिंगच्या फोटोत तीच खिडकी पडदा ओढून दाखवली होती. पण झोपायला ही खोली सरस. शनिवारी रात्री रस्त्यावर दीड वाजेपर्यंत गाणी आणि पहाटे बाटल्यांचा कचरा उचलणारी गाडी. आम्ही जागे. सासूबाई आतल्या खोलीत गाढ. तेव्हा 'आतली खोली' स्वस्त मिळत असेल तर नाक मुरडू नका, विशेषतः रात्रीच्या गजबजाटाशी तुमचं देणंघेणं नसेल तर. बायरू आल्तू भागात तर मी आतली खोलीसुद्धा घेणार नाही. तिथले बार आणि माझी झोपेची वेळ जमणारी नाही.

ही जागा घेण्यामागे अजून एक कारण होतं. त्याच रस्त्यावर काही दारं पुढे, एका साध्या इमारतीत नगरपालिकेची लिफ्ट आहे. फुकट. ती तुम्हाला वरच्या मादालेना रस्त्यावर सोडते. थोडं चाललं की वाहनतळाच्या इमारतीत दुसरी लिफ्ट, तीही फुकट, आणि तुम्ही किल्ल्याच्या तटाखालच्या रस्त्यावर. आजूबाजूला धापा टाकत चढणारे तरुण पर्यटक, आणि आमच्या सासूबाई पदर सावरत दहा मिनिटांत वर. १९०२ सालच्या सांता जुश्ताच्या नक्षीदार लोखंडी लिफ्टसमोर मात्र भर उन्हात लांब रांग आणि वर तिकीट. ती खालून बघितली, पुरे झालं.

रविवार

अल्फामाला हललो. हा भाग भूकंपातून बराचसा वाचला, म्हणून बोळ जुनेच, वाकडेतिकडे, आणि जिथे रस्ता संपतो तिथे जिना सुरू. टॅक्सी आत जात नाही. फादू संगीताच्या संग्रहालयासमोरच्या चौकात तिने सोडलं. आमचं घर मुद्दाम तिथून हाकेच्या अंतरावर, खालच्या अल्फामात, पहिल्या मजल्यावर घेतलेलं. वरच्या गल्ल्यांतली घरं याहून देखणी होती. कोणाच्या गच्चीतून तेजु नदी दिसत होती, कोणाच्या भिंतीवर निळ्या फरशा. पण त्यांच्या फोटोंखालच्या अभिप्रायांत 'व्यायाम झाला', 'जागा सुंदर, पण सामान कमी आणा' अशी वाक्यं सापडत. अशी वाक्यं तीनपेक्षा जास्त दिसली की मी ते पान बंद करायचे.

चाकांची बॅग तिथल्या दगडी फरसबंदीवर ओढली की सगळ्या गल्लीला कळतं. पांढऱ्या चुनखडीचे हाताच्या मुठीएवढे चौकोनी दगड, मध्ये काळ्यांची नक्षी. वर्षानुवर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेले. पाऊस पडला तर त्यावर घसरायला होतं, तेव्हा रबरी तळाच्या चपला हव्यातच.

दाराशेजारी 'एएल' अक्षरांची छोटी पाटी. पोर्तुगालमध्ये पाहुण्यांना भाड्याने दिलेल्या घराची सरकारी नोंदणी लागते, २०१४ पासून त्याचा स्वतंत्र कायदा आहे, आणि जाहिरातीत नोंदणी क्रमांक द्यावा लागतो. क्रमांक नसेल तर पुढे जाऊ नये. आपल्याकडेही पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, कायदा १९८२ चा आहे. तरी हणजूण-कळंगुटच्या आतल्या वाड्यांवर कोणाकोणाकडे ती असते, हे सगळ्या गोव्याला ठाऊक आहे.

घरमालक भेटलाच नाही. किल्ली भिंतीवरच्या डबीत, डबीचा क्रमांक फोनवर. फोनला नेट नसतं तर आम्ही गल्लीतच. ही पद्धत मला पटत नाही. दार उघडताना कोणीतरी माणूस असावा, निदान "प्रवास कसा झाला" एवढं विचारायला. ते काम खालच्या मजल्यावरच्या म्हातारीने केलं. खिडकीत स्टूल ठेवून ती आंबट चेरीची दारू, जिंजा, इवल्या पेल्यांत विकत होती. सासूबाईंनी "बोआ तार्द" म्हटल्यावर तिला भरून आलं आणि मग तिने जो पट्टा सोडला त्यातलं निम्मंच सासूबाईंना कळलं. त्या निम्म्यात एवढं होतं की या गल्लीत पूर्वी सगळी माणसं नावाने ओळखीची होती. मग तिने बोटाने एकेक दार दाखवलं. हे पाहुण्यांचं, हे पाहुण्यांचं, हे बंद, हे पाहुण्यांचं. आम्ही ज्या दारात उभे होतो तेही तिने दाखवलं, रागाने नव्हे.

घरांची टंचाई आणि भाडी यावरून तिथे बरंच रण पेटलेलं आहे. २०२३ मध्ये शहरांतल्या फ्लॅटना असे नवे परवाने देणं सरकारने थांबवलं, पुढच्या वर्षी ते पुन्हा सैल केलं. साळगाव, आसगावची जुनी घरं कोणाच्या हातात गेली हे बघत मोठ्या झालेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मी त्या घरात राहिले, मला ते आवडलं, आणि पुढच्या वेळी मी माणूस असलेलं गेस्ट हाउसच घेईन.

संध्याकाळी नवरा आणि मुलगा मार्तीं मोनीशला जाऊन तांदूळ, तुरीची डाळ, कढीपत्ता, नारळ घेऊन आले. तिथल्या गल्ल्यांत बांगलादेशी आणि भारतीय दुकानांची रांगच आहे. सोलं घरूनच आणली होती. रात्री जवळच्या खानावळीतून फादू ऐकू येत होतं, खिडकी लावली तरी. दोन गाणी छान वाटली. अकराव्या गाण्याला मी कानात बोळे घातले.

सोमवार

आमच्याकडे सोमवार शिवराक, म्हणजे मासे-मटण नाही. परदेशात हे जमेल का म्हणून सासूबाई फोंड्यापासून काळजीत होत्या. लिस्बनने परस्पर सोय केली. रविवारी होड्या समुद्रात जात नाहीत, म्हणून सोमवारी ताजं नुस्तं, म्हणजे मासळी, मिळत नाही आणि तिथली जाणती माणसंही त्या दिवशी मासा मागवत नाहीत. सासूबाईंना हे कळल्यावर त्या शहराबद्दलचं त्यांचं मत एकदम चांगलं झालं.

बरीच संग्रहालयंही सोमवारी बंद. तेव्हा वरण-भात, सोलकढी आणि कपडे. स्वयंपाकघर असलेल्या घराचा खरा फायदा स्वयंपाकापेक्षा धुण्याच्या मशीनचा आहे, असं माझं ठाम मत झालंय. मशीन ओट्याखालीच होतं. वाळत घालायला खिडकीबाहेर दोन कप्प्यांवरून फिरणारी दोरी. आत उभं राहून कपडा चिमट्याने लावायचा, दोरी ओढायची, कपडा पुढे सरकतो, मोकळी दोरी हातात येते. कप्पी किंचाळते. मुलाने ते काम आनंदाने केलं, फक्त एक चिमटा खालच्या म्हातारीच्या पेल्यांत पडला. तिने तो धुऊन, खिडकीच्या कठड्यावर ठेवून, वर हात केला.

हिवाळ्यात जाणाऱ्यांना एक सांगते. लिस्बनच्या जुन्या घरांत घर गरम ठेवायची यंत्रणा सहसा नसते, भिंती दमट होतात, आणि घरातली थंडी बाहेरच्यापेक्षा जास्त बोचते. त्या दिवसांत बुकिंग असेल तर चौथा प्रश्न हीटरचा विचारा, आणि अभिप्राय जानेवारी-फेब्रुवारीत राहिलेल्यांचे वाचा. मे महिन्यात आम्हाला रात्री एक पांघरूण पुरलं.

मंगळवार

सकाळी वर कांपू द सांता क्लाराला फेइरा दा लाद्रा, जुन्या वस्तूंचा बाजार. मंगळवारी आणि शनिवारी भरतो. जुन्या निळ्या फरशा सुट्या विकायला होत्या. इमारतींच्या भिंतींवरून फरशा चोरीला जातात हे वाचलं होतं, म्हणून हात लावला नाही. नवऱ्याने गंजलेली किल्ली घेतली. कुठल्या कुलपाची, विचारू नका.

दुपारी सालदान्याजवळच्या हॉटेलात. रुंद रस्ते, ऑफिसं, जेवायच्या सुट्टीत लगबगीने चालणारे लोक. फोटो काढावा असं काही नाही. पण दारात पायरी नाही, लिफ्टमध्ये चौघे सामानासकट मावलो, आणि खोलीत अंधार करणारे पडदे. प्लगचा प्रश्न इथेही तोच. आपल्या मोबाइलच्या चार्जरची बारीक दोन पिना तिथे बसतात, तीन पिनांचं काही बसत नाही. सासूबाईंची पाणी उकळायची किटली तीन पिनांची. रिसेप्शनवर अडॅप्टर मागितला तर लगेच मिळाला. अल्फामात तो डबीतून निघाला नसता.

बुधवार

पंधरा नंबरच्या ट्रामने बेलेंला. जेरोनिमुश मठात वास्को द गामाची कबर आहे, दगडी, नक्षीची, वर तो स्वतः हात जोडून आडवा. शाळेतल्या पुस्तकात त्याचं नाव सासूबाईंनी घोकलेलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "याला खोली बरी मिळालीय हो. तळमजला आणि छत उंच." रांगेतल्या शेजाऱ्याने आम्ही का हसतो म्हणून वळून पाहिलं.

येताना काइश दु सोद्रेच्या बाजारात मासळी बघितली. आमच्या हॉटेलला स्वयंपाकघर नव्हतं, त्यामुळे नुसतं बघणं. बांगड्यांसमोर सासूबाई हळहळल्या. रात्री भाजलेले सार्डिन खाल्ले, म्हणजे आपल्या तारल्यांचे तिकडचे नातेवाईक. मीठ जास्त, मसाला शून्य. काटे काढता काढता मुलगा कंटाळला आणि त्याने चामुसा मागवला. आपला सामोसाच. तिथे बऱ्याच कॅफेंत मिळतो आणि बरा असतो.

गुरुवार

बाराला खोली सोडायची, विमान संध्याकाळचं. सामान हॉटेलने ठेवून घेतलं, फुकट. अल्फामातून निघालो असतो तर सामान ठेवायला भाड्याचं लॉकर शोधत फिरलो असतो, कारण घर सोडल्यावर तिथे ठेवून घेणारं कोणी नाही. सालदान्याहून विमानतळ लाल लाइनने थेट, म्हणून शेवटचा मुक्काम इथे. पहाटेचं विमान असतं तर मात्र हे गणित चुकलं असतं. मेट्रो साडेसहाला सुरू होते.

निघताना शहराच्या पर्यटन कराचा हिशेब. सप्टेंबर २०२४ पासून तो माणशी, रात्रीला ४ युरो आहे आणि बुकिंगच्या रकमेत तो धरलेला असेलच असं नाही. तिन्ही ठिकाणी आमच्याकडून वेगळा घेतला. दोन रात्रींचे आम्हा तिघांचे २४ युरो. तेरा वर्षांखालच्यांना माफ. मुलाची उंची बघून रिसेप्शनवरच्या बाईंना शंका आली, त्यांनी पासपोर्ट मागितला, जन्मतारीख दोनदा वाचली आणि त्याचं नाव यादीतून खोडलं. बारा वर्षांच्या मुलाला चारचौघांत लहान ठरवलं गेल्याचा राग विमानतळ येईपर्यंत गेला नाही. वाचलेले ८ युरो आपल्याला मिळावेत, असं त्याचं म्हणणं होतं. सासूबाईंनी ते उचलून धरलं, त्यामुळे द्यावे लागले.